दर जुलैत घोडीचं पोट बिघडतं : आम्हाला सापडलेलं कारण

पाऊस लागला, बांधावर हिरवं दिसायला लागलं, की आठ-दहा दिवसांत आमच्या चांदणीची लीद पातळ व्हायची. अगदी गाईच्या शेणासारखी. मग एखाद्या संध्याकाळी ती गव्हाणीकडे पाठ करून उभी राहायची, पुढच्या पायानं माती उकरायची, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची. डॉक्टरांना फोन, इंजेक्शन, रात्रभर जागरण. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घोडी ठीक, आम्ही आडवे.

असं सलग तीन वर्षं झालं. पहिल्या वर्षी घरच्यांनी नजर काढली. दुसऱ्या वर्षी जंताचं औषध झालं. तिसऱ्या वर्षी मी विहिरीच्या पाण्यावर खापर फोडलं आणि टँकर मागवला. जुलै महिन्यात, गोदाकाठी, टँकर! शेजारी अजून हसतात.

कारण सापडलं ते आईच्या कॅलेंडरवर. दुधाचा हिशोब मांडतात तसा ती वैरणीचाही मांडते. एका चौकटीत ‘कडबा’ आणि रक्कम, दुसऱ्या चौकटीत ‘घास’ आणि रक्कम, आणि अधूनमधून नुसतं ‘डॉ.’ आणि रक्कम. एकदा गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत टाकताना ती म्हणाली, “अरे, हा डॉक्टर नेहमी चाऱ्याच्या गाडीमागोमागच कसा येतो?” बघितलं तर खरंच. चाऱ्याची नोंद झाली की तीन ते आठ दिवसांत ‘डॉ.’ हजर. आणि हे फक्त जुलैत नव्हतं. एक ‘डॉ.’ दिवाळीनंतर होता, एक मार्चअखेरीला. ते दोन्ही आम्ही किरकोळ म्हणून विसरून गेलो होतो. जुलैचा दणका मोठा असायचा म्हणून तेवढाच लक्षात राहिला.

तुमच्याही घोड्याला ठरावीक महिन्यात पोटाचा त्रास होत असेल, तर औषध बदलण्याआधी हे एवढं करा. त्रासाची तारीख आणि चारा आल्याची तारीख एकाखाली एक लिहा. नुसतं आठवून चालत नाही.

नाशिकमध्ये चारा किती वेळा बदलतो

आपल्याला वाटतं घोडी ‘कडबा आणि घास’ खाते. म्हणायला तेवढंच. पण जिल्ह्याचं पीकपाणी बघा. रब्बी ज्वारीचा नवा कडबा येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहुतेक नगरकडून. गव्हाचा भुसा मार्च-एप्रिलचा. पाऊस लागला की बांधावरचं हिरवं गवत आणि लुसलुशीत घास, म्हणजे आपला लसूणघास. दिवाळीच्या सुमाराला येवला-चांदवडकडून मक्याची आणि बाजरीची वाळली वैरण, इगतपुरी-त्र्यंबककडून भाताचा पेंढा आणि डोंगराचं कापलेलं गवत. ज्याला जे स्वस्त मिळालं ते तो आणतो. वर्षात तीन बदल तर हमखास होतात, आणि कडबा सरळ कडब्यानं बदलला तरी तो बदलच. वेगळी जमीन, वेगळं पाणी, आधी किंवा उशिरा केलेली कापणी, गंजीत काढलेला वेगळा काळ. नाव तेच असलं तरी पोटाच्या दृष्टीनं तो नवा चारा असतो. घासाचंही तसंच आहे. फुलाआधी कापलेला घास आणि फुलावर आलेला जून, राठ घास यांत घोड्यासाठी बराच फरक पडतो.

असं का, ते थोडक्यात. गाईचं किण्वन, म्हणजे चारा आंबवून पचवणं, पोटाच्या पुढच्या भागात होतं आणि ती रवंथ करते. घोड्याचं पोट त्या मानानं अगदी लहान. त्याची खरी चुलाण मागे असते, मोठ्या आतड्यात आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या थैलीत. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव बसून काड्याकुड्या पचवतात. कडबा पचवणारे वेगळे, कोवळं हिरवं पचवणारे वेगळे. जे रोज मिळतं त्याप्रमाणे त्यांची संख्या बसलेली असते, आणि ती नव्यानं बसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ढीगभर कोवळं गवत मागे जाऊन पोहोचलं की वायू होतो, आम्ल वाढतं, आतडं ताणतं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं परत फिरायची सोय नाही. चारा बदलल्यानंतरचे पहिले दोन आठवडे पोटशूळाच्या धोक्याचे, असं पशुवैद्यक सांगतात ते यासाठीच.

घोळ पोटात नव्हता, शेडमध्ये होता

हळूहळू बदला, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येक डॉक्टर तेच सांगतो. पंचवटीत आयुष्यभर टांगा चालवलेले एक तात्या आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना मी विचारलं, “तात्या, तुमच्या वेळी घोड्यांना हे असं व्हायचं का?”

“व्हायचं की. पण आम्ही जुन्या पेंढीत नवी पेंढी सोडायचो. हिरवं आणलं तर पहिला आठवडा मूठभरच. तू काय करतो ते सांग.”

“मीही मिसळतो ना.”

“कशात मिसळतो? जुना राहिलाय का तुझ्याकडे?”

उत्तर नव्हतं. आमच्याकडे नव्या चाऱ्याची गाडी यायची तीच मुळी जुना संपल्यावर. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर जुना पुरवून पुरवून घालायचो, म्हणजे घोडी अर्धी उपाशी. आणि त्यावर चौथ्या दिवशी नवा चारा भरपेट. हळूहळू बदलायचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण हळूहळू बदलायला हाताशी जुना चारा लागतो. तो नसतो, म्हणून दरवर्षी तेच होतं. माझ्या मते निम्म्या घोडेवाल्यांचा हाच प्रश्न आहे.

म्हणून पहिला इलाज शेडमध्ये करायचा. जुना चारा पंधरा दिवसांचा उरला की नवा मागवायचा, आणि त्यातला मिसळण्यापुरता चारा वेगळ्या कोपऱ्यात, फळीवर, ताडपत्रीखाली ठेवायचा. आम्ही त्याला दोरी बांधून ठेवतो. नाहीतर घरातलं कोणीतरी जवळचा म्हणून तोच उपसतं.

किती ठेवायचा याचा हिशोब सोपा आहे. आधी घोड्याचं वजन. काट्यावर न्यायची गरज नाही. शिंप्याचा टेप घ्या, खांद्यामागून छातीचा घेर मोजा, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. चांदणीचा घेर १६५, लांबी १४८, म्हणजे वजन ३३९ किलो. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुकं खाणं लागतं, ते झालं ६.८ किलो. कडब्यात थोडा ओलावा असतोच, म्हणून साडेसात किलो धरा.

आता सुक्यावरून सुक्यावर जाताना, म्हणजे जुना कडबा ते नवा कडबा किंवा कडबा ते डोंगरी गवत, आम्ही बारा दिवस घेतो. पहिले चार दिवस पाऊण भाग जुना, पुढचे चार दिवस अर्धा, शेवटचे चार दिवस पाव. या बारा दिवसांत जुना चारा लागतो फक्त ४५ किलो. एवढ्या ४५ किलोंसाठी आम्ही तीन वर्षं डॉक्टरांचे पैसे भरले.

मोजताना पेंढी मोजू नका, वजन करा. गॅसची टाकी तोलायला वापरतात तसला लटकता काटा पुरतो. एक पेंढी दीड किलोची असते तर दुसरी अडीच किलोची.

हिरव्यावर जाताना

इथे जास्त सावध राहायचं. ओल्या घासात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. आठ किलो घास डोळ्यांना डोंगराएवढा दिसतो, पण सुका धरला तर दीड किलोच्या आसपास. त्यामुळे लोक दोन उलट्या चुका करतात. एक तर हिरवं दिसतंय म्हणून कडबा एकदम बंद करतात, मग घोडं उपाशी राहतं आणि त्याच्या पोटात काडी जात नाही. नाहीतर हिरवं हलकंच आहे म्हणून पहिल्याच दिवशी भारा टाकतात.

आम्ही पहिल्या दिवशी एक किलो घास देतो आणि दर दोन दिवसांनी एक किलो वाढवतो. पंधराव्या दिवशी आठ किलो होतो, तिथेच थांबतो. कडबा तेवढ्या दिवसांत जेमतेम पावणेदोन किलोनं कमी करतो. हिरवं नेहमी कडबा खाऊन झाल्यावर, भुकेल्या पोटी कधीच नाही. चरायला सोडायचं असेल तर तेही तसंच, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, मग रोज दहा-पंधरा मिनिटं वाढवत.

पावसाळ्यातली एक गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली. सकाळी कापलेलं ओलं गवत आम्ही गोणीत दाबून भरून शेडमध्ये ठेवायचो, संध्याकाळसाठी. एकदा गोणीत हात घातला तर आतून गरम. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी. वरचं गवत हिरवंगार, मधलं काळपट, ओलसर आणि आंबूस वासाचं. तेच आम्ही संध्याकाळी घोडीपुढे टाकत होतो. चाऱ्याचा बदल हे एक कारण होतंच, त्यावर हे दुसरं. आता घास आणला की जमिनीवर पातळ पसरतो आणि त्याच दिवशी संपवतो. उरला तर म्हशीला.

लहानपणीचं कोडं आठवतं ना, घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. गवताचंही त्यातच घाला.

दिवाळीनंतर उलटा बदल

हिरव्यावरून सुक्यावर येताना लीद पातळ होत नाही. उलट कमी होते, गोळे लहान, कडक, वरून चकचकीत. याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण घोडं शांत असतं. पण इथे आतडं तुंबायचा धोका असतो. हिरव्या चाऱ्यातून पोटात जाणारं पाणी बंद झालेलं असतं आणि त्याच वेळी निफाडची थंडी सुरू होते. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात तेव्हा हौदातलं पाणी कोणाला प्यावंसं वाटेल? घोडं चार घोट पितं आणि तोंड काढून घेतं.

आम्ही या दिवसांत सकाळ-संध्याकाळ बादलीत गरम पाणी ओतून कोमट करतो, आणि चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्यात, रोज दोन चमचे साधं मीठ घालतो. बादल्या मोजतो. चांदणीनं दिवसाला २५ लिटरच्या खाली पाणी प्यायलं तर कडबा थोडा पाण्याचा हबका मारून देतो. कुट्टी करत असाल तर फार बारीक करू नका. बारीक कुट्टी घोडं न चावता बकाबका गिळतं, ती घशात अडकते किंवा पुढे जाऊन गोळा होते.

आणि एका वेळी एकच बदल. चारा बदलायचा त्या पंधरवड्यात चंदी तीच ठेवा, जंताचं औषध पुढे ढकला, जमलं तर लांबच्या वरातीची सुपारीही घेऊ नका.

वेळापत्रक पाळूनही त्रास झाला तर

लीद पातळ आहे पण घोडं तरतरीत आहे, खातंय, ताप नाही, तर घाबरू नका. एक पायरी मागे या. म्हणजे अर्ध्या-अर्ध्यावर असाल तर पुन्हा पाऊण जुना करा, चार दिवस थांबा, मग पुढे जा. ताप असेल किंवा घोडं मलूल असेल, तर वाट बघू नका.

चारा बदललेलाच नाही तरी त्रास होतोय, तर लीद तपासा. पाच-सहा गोळे बादलीभर पाण्यात कुस्करून वीस मिनिटं ठेवा. तळाशी वाळू बसली तर घोडं मातीत पडलेला चारा वेचून खातंय. गव्हाण उंच करा किंवा खाली रबरी चटई टाका. नदीकाठच्या पागांमध्ये हे बरंच आढळतं. दुसरं, लीद चाळणीत धुऊन बघा. लांब लांब काड्या जशाच्या तशा निघाल्या, किंवा गव्हाणीपाशी चावून टाकलेले ओले गोळे दिसले, तर दातांची धार वाढली आहे. मग चारा कोणताही द्या, फरक पडणार नाही.

त्यानंतर घरातल्या माणसांची चौकशी करा. चिडून नाही, गोडीनं. आमच्याकडे असं निघालं की शेजारचा मुलगा प्रेमानं रोज कांद्याची पात आणून घालायचा. कांदा आणि पात घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, लघवी लालसर-तपकिरी होते, घोडं फिकट पडतं. आपल्याकडे कांदाचाळीतला निवडून टाकलेला कांदा सगळीकडे पडलेला असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. द्राक्षाच्या छाटणीची पानंही नकोत. शेळ्यांना घालतात खरी, पण त्यावर किती फवारण्या झाल्या ते बागवालाच जाणे. आणि वरातीत कोणी ना कोणी घोडीच्या तोंडात पेढा कोंबतंच. एखाददुसरा चालतो, पंधरा नाहीत.

चाऱ्यातच काही गोष्टी घोड्यासाठी नाहीत, गाईला चालत असल्या तरी. मुरघास, म्हणजे दाबून आंबवलेला हिरवा चारा, नको. पिशवीत जरा हवा गेली की बुरशी धरते, आणि गाय जे पचवते ते घोड्याला जिवावर बेतू शकतं. बुरशी लागलेला मका तर अजिबात नको, त्यातल्या विषानं घोड्याचा मेंदू सडतो आणि त्यावर इलाज नाही. कोवळी हिरवी ज्वारी, विशेषतः कापणीनंतर फुटलेले फुटवे, नको. हत्तीगवत महिनोन्महिने एकटंच दिलं तर त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, हाडं कमजोर होतात आणि तोंडाची हाडं सुजलेली दिसू लागतात. कोंबड्यांच्या आणि गाईंच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, तेही घोड्याच्या हृदयाला थोड्या प्रमाणातसुद्धा घातक. पोत्यावरचं लेबल वाचा, किंवा सरळ घोड्याची चंदी वेगळी ठेवा. हरभरा, बाजरी, जव, हे जुनं आहे तेच बरं.

डॉक्टर कधी

घोडं पुन्हा पुन्हा लोळतंय, घाम फुटलाय, पोट फुगलंय, काही तास लीदच टाकलेली नाही आणि खातही नाही, यातलं काही दिसलं की लगेच फोन करा. फोन करण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवा, डॉक्टरांना मदत होते. जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. शांत उभ्या घोड्याचे २८ ते ४४ असतात. उभ्या उभ्या साठाच्या वर गेले तर प्रकरण गंभीर आहे. मग ओठ उचलून हिरडी अंगठ्यानं दाबा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी जांभळट किंवा विटकरी दिसली तर गाडी पाठवून डॉक्टरांना घेऊन या.

तोवर चारा काढून घ्या, पाणी राहू द्या. लोळायला लागलं तर दहा-पंधरा मिनिटं हळू फिरवा, पण दमेपर्यंत रात्रभर फिरवू नका. बाटलीनं किंवा बांबूच्या नळीनं तेल पाजणं मात्र कृपा करून बंद करा. तेल श्वासनलिकेत गेलं की पोटाचं दुखणं बाजूला राहतं आणि घोडं न्यूमोनियानं जातं. नाकातून नळी घालून तेल द्यायचं ते डॉक्टरांनी. वेदनाशामक इंजेक्शनही आपल्या मनानं टोचू नका. दुखणं दबतं आणि आत काय चाललंय ते डॉक्टरांना कळत नाही. ओवा-हिंगानं काही बिघडत नाही, पण त्यात गेलेला वेळ परत येत नाही.

हिरव्यावर सोडल्यावर घोडं पुढचे पाय पुढे टाकून, मागच्यावर वजन घेऊन उभं राहत असेल आणि खुरं हाताला गरम लागत असतील, तर ते पोटाचं नाही, खुरांचं आहे. तेही त्याच दिवशी दाखवायचं.

नवं घोडं आणताना

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडं आणणाऱ्यांना एक विनंती. किमतीची घासाघीस झाली, मुंडावळ्या-झालरींचं ठरलं, की मालकाला एवढं विचारा, “दादा, हा काय खात होता?” आणि त्याच चाऱ्याची दोन-तीन पोती विकत मागून गाडीत टाका. गाडीतला प्रवास, नवी जागा, नवं पाणी आणि नवा चारा, सगळं एकाच दिवशी घोड्यावर टाकायचं नाही. मागच्या वेळी आमच्या मित्रानं बाजरीचं सरमाड असंच पोत्यांत भरून आणलं. घरी त्याच्या बायकोनं विचारलं, निफाडला वैरण मिळत नाही का? पण घोड्याला एक दिवसही डॉक्टर लागला नाही.

यंदाच्या कॅलेंडरवर जूनच्या ९ तारखेला ‘घास’ आहे. त्याआधी २ तारखेला आईनं वेगळ्या पेनानं लिहिलंय, ‘जुना ६० कि. बाजूला’. जुलैच्या चौकटींत ‘डॉ.’ एकदाच आहे, आणि ते म्हशीसाठी.